पदवीधराचें ऋण : वीस वर्षांच्या एका कराराचा इतिहास

पदवीदानाच्या समारंभांत स्नातकांस जो उपदेश ऐकविला जातो, त्याचें मूळ तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींतील अकराव्या अनुवाकांत आहे, हें वाचकांस विदित आहेच. अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्यास आचार्य चार गोष्टी सांगतो, असा तो प्रसंग आहे. या उपदेशास जोडून हल्लींचे वक्ते 'समाजाचें ऋण' हा शब्द योजतात आणि तो प्राचीन ऋणत्रयाच्या कल्पनेवर बसवितात. ही जोडणी मूळ ग्रंथांशीं ताडून पाहिली असतां नीट जुळत नाहीं. तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडांत तीन ऋणें सांगितलीं आहेत : ऋषींचें ऋण ब्रह्मचर्यानें, देवांचें यज्ञानें व पितरांचें प्रजेनें फिटतें. या तिहींत समाजास स्थान नाहीं. इतकेंच नव्हे, तर विद्येचें जें ऋण तें विद्याभ्यास केल्यानेंच फिटतें, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मनुष्यांचें म्हणून जें चौथें ऋण आहे, तें शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडांत सांपडतें. आणि तें आल्यागेल्यास आसरा व अन्न देऊन फेडावयाचें असतें. तें जन्मास आलेल्या प्रत्येकाचें आहे, शिकलेल्याचें वेगळें असें नाहीं.

तथापि गृह्यसूत्रांत एक भेद केलेला आढळतो, तो येथें उपयोगी पडेल. पारस्कराच्या मतें स्नातक तीन प्रकारचे. ज्याचें अध्ययन संपलें पण व्रत संपलें नाहीं तो विद्यास्नातक. व्रताचा काल संपला पण अध्ययन पुरें झालें नाहीं तो व्रतस्नातक. आणि दोन्ही पार पाडलीं तो विद्याव्रतस्नातक. हे शब्द आजच्या अर्थानें वापरणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं. परंतु विद्या संपणें व व्रत संपणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें ध्यानांत ठेवून पुढील इतिहास पाहावा, अशी विनंति आहे.

आणखी एक गोष्ट. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साची कथा शाळेंत शिकवितांना मला नेहमीं एक शंका येई. गुरु वरतंतूनें शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानली होती. शिष्यानें हट्ट धरल्यावर रागानें चौदा कोटि मागितले. कौत्सानें ते मिळविले कोठून? स्वतःच्या कमाईंतून नव्हे. तो गेला रघुराजाकडे, आणि त्या राजानें विश्वजित यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलेलें असतांही तें द्रव्य उभें केलें. म्हणजे शिष्याचें ऋण अखेर राजभांडारांतून फिटलें. राजभांडार भरतें तें कोणाच्या सार्‍यानें, हा प्रश्न कवीनें विचारला नाहीं. तो विचारला गेला एकोणिसाव्या शतकांत, पुण्यास; आणि पदवीधराचें ऋण ही कल्पना आपल्या देशांत खऱ्या अर्थानें तेथूनच सुरू होते, असें माझें मत आहे.

१८८० च्या जानेवारींत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला होता. बाळ गंगाधर टिळक हे बी. ए., एल्‌एल्. बी. होऊन वकिलीच्या दारांत उभे होते. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्याजवळ उद्योगाची हांव होती. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले, आणि गोपाळ गणेश आगरकर एम्. ए. झाल्यावर १८८१ त आले. आगरकरांचा आमच्या वऱ्हाडाशीं संबंध आहे. टेंभू गांवचा हा गरीब मुलगा अकोल्याच्या हायस्कुलांतून १८७५ सालीं मॅट्रिक झाला, आणि तेथील शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं त्यास आधार दिला. मोठ्या परीक्षा उतरल्यावर आपल्या मुलाला मोठा पगार मिळेल ही आशा आईनें धरूं नये, पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून उरलेला वेळ लोकांच्या कामीं लावण्याचें आपण ठरविलें आहे, अशा आशयाचें पत्र त्यांनीं मातेस लिहिलें हें प्रसिद्ध आहे. आईला असें पत्र लिहिणें किती कठीण होतें, हें ज्यांनीं घरांतील पहिला पदवीधर होऊन पाहिलें असेल त्यांसच कळेल.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. या सोसायटीनें जी नवी वस्तु निर्माण केली ती इमारत नव्हे, करार होय. आजीव सभासद होणाऱ्यानें वीस वर्षें संस्थेची सेवा करावयाची व ठराविक निर्वाहवेतन घ्यावयाचें. पुढें हें वेतन मासिक ७५ रुपये होतें. तोंवर देशसेवा म्हणजे व्याख्यान देणें, अर्ज करणें किंवा फावल्या वेळीं वर्गणी गोळा करणें असा समज होता. या करारानें त्या सेवेला प्रथमच माप लावलें : आयुष्याचीं इतकीं वर्षें, इतक्या रुपयांवर. संन्याशाचा त्याग अमर्याद असतो, म्हणून त्याचा हिशेब होत नाहीं. येथें गृहस्थाच्या त्यागाचा हिशेब होता आणि तो लोकांना तपासतां येत होता.

हिशेब कसा उतरला तें पाहण्यासारखें आहे. चिपळूणकर १८८२ च्या मार्चांत, सोसायटी स्थापन होण्यापूर्वींच, एकतिसाव्या वर्षीं वारले. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य आपटे १८९२ त वारले. तेव्हां त्यांचें वय चौतिसाच्या आसपास होतें. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश (१८९०) आजही आम्हां संस्कृताच्या शिक्षकांच्या हातांखालीं असतो, त्यांनीं तो शाळा व कॉलेज चालवीत असतां रचला, हें कोश उघडणारास सहसा आठवत नाहीं. आगरकर १८९५ त अडतिसाव्या वर्षीं गेले व नामजोशी त्यांच्या पुढच्या वर्षीं. म्हणजे जे अखेरपर्यंत टिकले तेही वीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच संपले. वेदांतील ऋणाप्रमाणें हेंही ऋण फेडतां फेडतांच आयुष्य सरलें.

टिळकांचें तसें झालें नाहीं. ते १८९० त सोसायटी सोडून गेले. या वादावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांत पक्षाभिमानही पुष्कळ आहे. आमच्या विषयापुरता मुद्दा एवढाच कीं, भांडण पैशाच्या लोभाचें नव्हतें, व्रताच्या व्याख्येचें होतें. टिळकांचें म्हणणें असें कीं, मूळ संकल्प जेसुइट पंथाच्या धर्तीवरचा होता. सभासदानें आपला सर्व वेळ व सर्व शक्ति संस्थेस द्यावी, बाहेरचें उत्पन्न व बाहेरचीं कामें दोन्ही वर्ज्य असावींत. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, कुटुंबवत्सल माणसास तें अशक्य आहे, आणि कर्तबगार माणसास सार्वजनिक कामापासून अडवून संस्थेचाही लाभ नाहीं. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घ्यावें कीं नाहीं, हा त्यांतलाच एक तंटा. माझ्या मतें तत्त्वानें टिळक बरोबर होते व व्यवहारानें त्यांचे प्रतिपक्षी. पुढें टिळकांनींही शाळेहून मोठें कार्यक्षेत्र शोधलें, हें पाहतां कोणत्याही एका भिंतीआड तें व्रत मावणारें नव्हतें असेंच म्हणावें लागतें.

परंतु या सर्व थोर पुरुषांच्या हिशेबांत एक रक्कम राहून गेली होती, व ती दाखविणारा मनुष्य त्याच पुण्यांत होता. १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोग आला. न्यू इंग्लिश स्कूलच्या वतीनें आपटे यांची साक्ष झाली, आणि हंटरसाहेबांनीं शाळा पाहून तिची स्तुति केली. त्याच आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ चें आपलें निवेदन दिलें. त्याचा आशय असा : सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि हे शिकलेले लोक आपली विद्या खालच्या वर्गांपर्यंत पोंचवीत नाहींत, म्हणून सरकारनें प्राथमिक शिक्षणाकडे आधीं लक्ष द्यावें. कौत्साला जो प्रश्न कोणी विचारला नाहीं तो हा. न्यू इंग्लिश स्कूलच्या चालकांनीं ऋण मानलें तें देशाचें. जोतीरावांनीं धनकोचें नांव सांगितलें, आणि तो धनको शेतकरी होता. एकाच आयोगाच्या दप्तरांत या दोन्ही गोष्टी आहेत, पण आपल्याकडील चरित्रकारांनीं त्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या आहेत.

कराराची पुढील परंपरा थोडक्यांत सांगतों. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ त आजीव सभासद झाले व मुदत भरून मोकळे झाले. १२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला व वीस वर्षांच्या जागीं आजन्म व्रत आणलें. धोंडो केशव कर्वे टिळकांच्या जागीं १८९१ त गणित शिकविण्यास आले आणि १९१४ पर्यंत राहिले. त्याच काळांत हिंगण्याचें काम उभें राहिलें. विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसनमधून १८९८ त बी. ए. झाले व १९०६ त त्यांनीं अस्पृश्यांकरितां मिशन काढलें. जोतीरावांच्या धनकोकडे वळलेला फर्ग्युसनचा हा ठळक पदवीधर होय. रयत शिक्षण संस्था १९१९ त काढणारे भाऊराव पाटील मात्र पदवीधर नव्हते. ज्यानें विद्यापीठाकडून कांहीं घेतलें नव्हतें त्यानेंच सर्वांत अधिक परत केलें.

याच सुमाराचा दुसरा एक करार आहे, त्याचा उल्लेख या संदर्भांत क्वचित् होतो. ४ जून १९१३ रोजीं भीमराव रामजी आंबेडकर यांनीं बडोदे संस्थानाशीं करार केला कीं, परदेशीं शिक्षण पुरें झाल्यावर दहा वर्षें संस्थानाची नोकरी करीन. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठांत शिकले, लंडनचें शिक्षण अर्धें टाकून परतले, व १९१७ त करार पाळण्यासाठीं बडोद्यास गेले. कचेरींत शिपाई दुरून कागद टाकीत. गांवांत त्यांस राहण्यास जागा मिळेना. एका पारशी खाणावळींत नांव बदलून राहिले, तेथूनही लोकांनीं काठ्या घेऊन हुसकावलें. अकरा दिवसांत ती सोय संपली, व दहा वर्षांचा करार तेथेंच मोडला. शतपथांतलें चौथें ऋण म्हणजे आल्यागेल्यास आसरा देणें. येथें ऋणको फेडावयास दारांत आला होता, आणि ज्या समाजाचें देणें तो फेडणार होता त्यानेंच आपलें मनुष्यऋण बुडविलें. पदवीधरांच्या कर्तव्यावर बोलणाऱ्यांनीं हा प्रसंग वगळूं नये. १९४५ त पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून डॉक्टर आंबेडकरांनीं दहा वर्षांहून कितीतरी अधिक फेड केली. आणि १९५६ च्या मार्चांत आग्र्याच्या भाषणांत, आपल्याच समाजांतील शिकलेल्यांनीं निराश केलें, ही खंतही त्यांनीं बोलून दाखविली.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. यवतमाळ जिल्ह्याचें जुनें नांव वणी जिल्हा. १९०५ त तें बदललें. वऱ्हाडांत पहिलें कॉलेज अमरावतीस १९२३ त निघालें. तोंवर वणीकडच्या मुलानें पदवीसाठीं नागपूर गांठावें, तेथें हिस्लॉप (१८८३) किंवा मॉरिस (१८८५) कॉलेजांत शिकावें, आणि परीक्षा मात्र आधीं कलकत्ता व पुढें अलाहाबाद विद्यापीठाची द्यावी, असा प्रकार होता. असा एक मुलगा म्हणजे वणी येथें २९ ऑगस्ट १८८० रोजीं जन्मलेले माधव श्रीहरि अणे. न्यू इंग्लिश स्कूल व ते एकाच वर्षाचे. मॉरिस कॉलेजांतून पदवी घेऊन ते कांहीं वर्षें अमरावतीस शिक्षक होते व १९०८ पासून यवतमाळास वकील. लोकनायक म्हणून त्यांचें राजकीय चरित्र सर्वांस ठाऊक आहे. श्रीतिलकयशोर्णव हें त्यांचें टिळकांवरील विशाल संस्कृत काव्य, ज्यास मृत्यूनंतर १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तें संस्कृतज्ञांस ठाऊक आहे. मला या लेखापुरता त्यांच्या आयुष्यांतील १० जुलै १९३० हा दिवस महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशीं पुसदजवळच्या राखीव रानांत त्यांनीं परवान्यावांचून गवत कापलें व अटक करून घेतली. मीठ ही किनाऱ्याची वस्तु. वऱ्हाडांत सरकारचा हात लोकांना लागे तो जंगलांत, गवताच्या भाऱ्याला व सरपणाला. पदवीधर वकिलानें विळा हातीं घेतला तो रानावर जगणाऱ्याच्या दुःखाचा नेमका ठाव घेऊन. जोतीरावांनीं दाखविलेला धनको त्या दिवशीं या जिल्ह्यांत ओळखला गेला, निदान एका दिवसापुरता.

यवतमाळचेच दुसरे वकील यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्यांमागें आयुष्य वेंचलें व 'महानुभावीय मराठी वाङ्मय' (१९२५) हा ग्रंथ दिला. हीही सेवाच, आम्हां इतिहासप्रेमींवर तिचें ऋण आहे. अमरावतीस पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयांतील धर्मकल्पनेवर प्रबंध लिहून परतले, आणि १९३२ त त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. वऱ्हाडांतील कुणब्याच्या घरांत कॉलेजाची पायरी पोंचली ती मुख्यतः या संस्थेमुळें. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्यास मुरलीधर देवीदास आमटे हे वकिली सोडून महारोग्यांकडे वळले (१९४९). आनंदवनाची कथा मीं येथें पुन्हां सांगण्याची गरज नाहीं.

पण वणीच्या दक्षिणेस काय? जुन्या वणी तालुक्याचा दक्षिण भाग पुढें झरी जामणी म्हणून वेगळा तालुका झाला. गोंड व कोलाम यांची ही वस्ती. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. त्यांची कोलामी बोली द्राविड कुळांतली, मराठीशीं तिचें नातें नाहीं. मीं या भागांत बत्तीस वर्षें शिकविलें. पहिल्या इयत्तेंत बसलेलें कोलाम मूल महिनेमहिने गप्प असे, आणि तपासणीस आलेला साहेब त्यास मंद म्हणून जाई. घरच्या बोलींत तेंच मूल रानांतल्या झाडांचीं नांवें न थांबतां सांगे, हें पाहण्यास पोडावर जावें लागे. फर्ग्युसनपासून अमरावतीपर्यंत ज्या ज्या पदवीधरांचीं नांवें वर आलीं, त्यांची सेवा शाळेच्या दारापर्यंत येऊं शकणाऱ्या मुलाला मिळाली. पोडावरचें मूल त्या दारापर्यंत येतच नव्हतें. आणि आलें तर आंत काय चाललें आहे तें त्याला कळत नव्हतें.

याचें उत्तर शोधण्याचा एक यत्न पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, त्या वेळच्या निजामी राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत झाला. १९४० त कुमरम भीमू याचें बंड मोडल्यावर निजाम सरकारनें व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस गोंडांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलें. त्यांच्या योजनेनें १९४३ त मारलवाई येथें गोंड शिक्षकांचें शिक्षणकेंद्र निघालें. बाहेरून पदवीधर आणून गोंडांस शिकविण्यापेक्षां थोड्याबहुत शिकलेल्या गोंड तरुणांसच शिक्षक करावें, आणि मुलांचें पहिलें वाचन गोंडी बोलींत, देवनागरी लिपींत असावें, असें तें धोरण होतें. याच जिल्ह्यांत आपल्या परिचयाचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून होते. अलाहाबादचे एम्. ए., फारसी-उर्दूचे जाणकार. परंतु त्यांनीं गोंडी व कोलामी शिकून घेतल्या, गोंडांवर १९४९ त पुस्तक लिहिलें व १९५० त कोलामीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. शिवकालाचे अभ्यासक म्हणून त्यांचा गौरव करणाऱ्या आमच्यासारख्या मंडळ्या या व्याकरणाचा उल्लेख ओझरता करतात. मला तें त्यांच्या अनेक ग्रंथांहून मोलाचें वाटतें. द्यावयाचें तर आधीं धनकोची भाषा शिकावी, हें त्यांनीं कोणताही करार नसतां केलें.

अलीकडील व्यवस्थेविषयीं थोडेंच लिहितों. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानें, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचीं शिबिरें या तालुक्यांतही होतात; श्रमदान होतें, रस्ता होतो, मुलें परत जातात. ही सेवा शिकत असतांनाची आहे. शिकून झाल्यावरची नव्हे. शिकून झाल्यावरची सक्तीची सेवा आहे ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून निघणाऱ्या डॉक्टरांस : एक वर्ष, बंधपत्र लिहून घेऊन. या बंधपत्रांत अनेक वर्षें दहा लाख रुपये भरून मोकळें होण्याची वाट ठेवलेली होती. १८८४ च्या करारांत ऋण वर्षांत मोजलें होतें व त्याला रुपयांचा पर्याय नव्हता. येथें तो आला, आणि ज्याच्या बापाजवळ रक्कम आहे त्याचें ऋण बापानें फेडावें, अशी कौत्साच्याच धर्तीची सोय झाली. सक्तीनें आलेला तरुण डॉक्टर वर्षभरांत रुग्णाची बोली शिकण्याआधीं परततो, हें मात्र त्याच्यावर दोष ठेवून सांगत नाहीं. वर्ष फारच थोडें आहे. वीस वर्षें ठरविणारांना हें ठाऊक होतें.

आतां संशोधनाविषयीं. जुन्या वणी तालुक्यांतून कोण, कोणत्या सालीं, कोठें पदवीधर झाले व पुढें कोठें राहिले, याची एक यादी करण्याचें काम मीं हातीं घेतलें आहे. त्यासाठीं गांवोगांवच्या प्राथमिक शाळांचीं दाखल-खारीज रजिस्टरें हें मुख्य साधन. त्यांत मुलाचें नांव, जात, पालकाचा धंदा व शाळा सोडण्याचें कारण हीं सदरें असतात; शेवटच्या सदरांत 'गैरहजर' या एका शब्दाखालीं किती पोडांचा इतिहास मिटलेला आहे, तें पानें उलटल्यावर दिसतें. मुकुटबन, पाटण, माथार्जुन, शिबला या बाजूंच्या जुन्या शिक्षकांच्या घरीं जुन्या वह्या, भेटपुस्तकें, तपासणीचे शेरे पडून असण्याचा संभव आहे. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां मंडळाकडे पाठवावेत, अथवा पत्रानें कळवावें. नक्कल करून मूळ परत केलें जाईल. कोलाम पोडावरच्या पहिल्या विद्यार्थ्याचें नांव ज्या पानावर असेल, तें पान मला स्वतः पाहावयाचें आहे.